अकरा खुर्च्या, आठ मतं: सुदानची सार्वभौम परिषद कशी वाचायची?

सत्तापालटानंतर राष्ट्रप्रमुख म्हणून एका माणसाऐवजी पाच-दहा जणांची परिषद बसवली, की आपण पटकन लिहून टाकतो: 'सत्तेची वाटणी झाली.' हे वाक्य तपासून बघायला सुदान चांगला आहे, कारण तिथे हा प्रयोग एकदा नाही, अनेकदा झालाय.

१ जानेवारी १९५६ ला सुदान स्वतंत्र झाला, तेव्हा गव्हर्नर जनरलच्या जागी पाच जणांची सार्वभौम परिषद आली. खत्मिया आणि अन्सार या दोन मोठ्या धार्मिक-राजकीय गटांपैकी कुणीही दुसऱ्याचा माणूस सर्वोच्च पदावर सहज मान्य केला नसता. परिषदेचं काम मुख्यतः मानाचं होतं. कारभार पंतप्रधानाकडे होता. १९५८ च्या नोव्हेंबरात जनरल अब्बूद यांनी सत्ता घेतली आणि परिषद गेली. १९६४ च्या जनआंदोलनानंतर ती परत आली, १९६९ मध्ये नुमेरी यांच्या सत्तापालटात पुन्हा गेली.

आता दोन संक्रमणं शेजारी शेजारी ठेवू.

पहिलं १९८५ चं. एप्रिलमध्ये जनतेचा उठाव पेटलेला असताना जनरल सुवार अल-दहब यांनी नुमेरींना हटवलं. वर लष्करी परिषद, खाली नागरी मंत्रिमंडळ आणि मुदत एका वर्षाची. १९८६ च्या एप्रिलमध्ये निवडणुका झाल्या आणि लष्करानं सत्ता खरोखर सोडली.

दुसरं २०१९ चं. ११ एप्रिलला बशीर गेले. ३ जूनला खार्टूममध्ये धरणं धरून बसलेल्या आंदोलकांवर गोळ्या चालल्या, शंभराहून जास्त माणसं मेली. १७ ऑगस्टला करार झाला: ११ जणांची सार्वभौम परिषद, त्यात ५ लष्करी आणि ६ नागरी. एकूण ३९ महिने. पहिले २१ महिने अध्यक्ष लष्करी, नंतरचे १८ महिने नागरी.

कागदावर २०१९ ची परिषद जास्त लोकशाहीवादी दिसते, नागरी बहुमत आहे ना! पण तेच कलम पुढे वाचा. एकमत झालं नाही तर निर्णयाला दोन तृतीयांश मतं लागणार होती. ११ चे दोन तृतीयांश म्हणजे ८. सहा नागरी सदस्य एक झाले तरी दोन मतं कमीच, आणि पाच लष्करी सदस्य एकत्र राहिले तर कुठलाही निर्णय अडणार. शिवाय संरक्षण आणि गृह खात्याचे मंत्री लष्करी सदस्यांनीच सुचवायचे होते. म्हणजे बंदुका परिषदेच्या हिशेबाबाहेरच राहिल्या.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. ऑक्टोबर २०२० मध्ये बंडखोर गटांशी जुबा शांतता करार झाला आणि ३९ महिन्यांची मोजणी नव्यानं सुरू झाली. मग जनरल बुऱ्हान यांनी अध्यक्षपद नेमकं कधी सोडायचं, यावरच वाद सुरू झाला. तो सुटायच्या आधीच, २५ ऑक्टोबर २०२१ ला, त्यांनी परिषद बरखास्त केली आणि पंतप्रधान हमदोक यांना अटक झाली. १५ एप्रिल २०२३ ला बुऱ्हान यांचं लष्कर आणि त्याच परिषदेतले उपाध्यक्ष हेमेदती यांचं निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. लाखो लोक घराबाहेर पडले.

तर मग १९८५ ला खुर्ची सुटली आणि २०२१ ला का नाही सुटली? माझं उत्तर तात्पुरतं आहे. १९८५ ला मुदत छोटी होती आणि शेवट निवडणुकीनं ठरलेला होता. २०१९ ला मुदत लांब होती, सत्तेत दोन सशस्त्र दलं होती, आणि खुर्ची सोडली तर ३ जूनचा जाब द्यावा लागेल ही भीती होती. पण एवढ्यावर कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. दोनच उदाहरणं आहेत आणि बदललेल्या गोष्टी अनेक. शिवाय १९८६ ला आलेलं निवडून आलेलं सरकारही १९८९ च्या सत्तापालटात गेलंच. म्हणजे 'सत्ता सोडली' आणि 'लोकशाही टिकली' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रबंधात ते एकाच प्रकरणात कोंबू नका.

संक्रमणकाळाचा कुठलाही दस्तऐवज हातात आला, की खुर्च्या मोजून थांबू नका. निर्णयाला किती मतं लागतात, सैन्य कुणाच्या हुकमात आहे आणि तारीख पुढे ढकलायचा अधिकार कुणाकडे आहे, ही तीन उत्तरं आधी वहीत लिहा. 'सत्तेची वाटणी' हा शब्द त्यानंतर वापरायचा का, ते ठरवा.