पुडा, बाटली आणि मावळचा पाऊस

आमचं किराणा दुकान कामशेतला. आजोबांनी घातलेलं, आता मुलगा बघतो. आमच्या धंद्याच्या आठवणी निघाल्या की भाव निघतात, उधारी निघते, रेशनिंगची वर्षं निघतात. माल गिऱ्हाइकाच्या घरी कशातून गेला, याबद्दल कुणी बोलत नाही. मला मात्र तोच या धंद्याचा खरा इतिहास वाटतो, कारण पूर ओसरल्यावर इंद्रायणीकाठच्या झुडपांना जे लोंबताना दिसतं, त्याची सुरुवात आमच्या गल्ल्याशी झाली.

आजोबांच्या काळी भांडं आणायचं गिऱ्हाइकानं, हा अलिखित करार होता. नाणे मावळातला, पवन मावळातला माणूस तांदळाचं ओझं घेऊन बाजाराला यायचा, पायलीनं मोजून द्यायचा आणि रिकाम्या झालेल्या त्याच पोत्यात मीठ, मिरची, गूळ बांधून परत जायचा. तेलाला काचेची बाटली. तिच्या गळ्याला सुतळीचा फास, तो बोटात अडकवायचा. मावळात काचेला जरा जास्तच मान होता. १९०८ साली लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेला पैसा फंड काच कारखाना तळेगाव दाभाड्याचाच. बाटली फुटली तर घरात बोलणी बसत, म्हणून ती वर्षानुवर्षं टिके.

सुट्या मालाला पुडी. जिरं-मोहरीची त्रिकोणी, साखरेचा पुडा चौकोनी. रद्दीचा कागद तराजूशेजारी रचलेला, दोऱ्याचं रीळ वर तुळईला टांगलेलं. कागदाच्या दोन कडा आत, मग वरची घडी, दोऱ्याचा एक वेढा उभा, एक आडवा, गाठ, आणि बोटाला पीळ देऊन हिसडा मारला की दोरा तुटायचा. मला गल्ल्यावर बसवण्याआधी वडिलांनी हे हातात बसवून घेतलं. पुडा सैल बांधला तर ते सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सोडून पुन्हा बांधायला लावत. घरी गेलेला दोरा बायका गुंडाळून ठेवत, कागद चुलीत जाई. दुकानातून गेलेलं काहीही उरत नसे.

रिकाम्या हातानं येणारं गिऱ्हाईक आमच्याकडे आणलं रेल्वेनं. खंडाळा-पुणे गाडी १८५८ साली सुरू झाली, बोरघाटाचा चढ १८६३ साली खुला झाला, आणि लोणावळ्याला हवा खायला येणारा मुंबईकर दिसू लागला. तो पिशवी घेऊन येत नसे. पण ठाकर-कातकरी बायका त्याला करवंदं-जांभळं द्यायच्या ती पानांच्या द्रोणात. मी ते द्रोण लहानपणी स्टेशनावर पाहिले आहेत. खिडकीतून भिरकावला तरी पावसाळ्यात त्याची माती व्हायची.

प्लॅस्टिकच्या पिशवीला आज सगळे शिव्या देतात, पण ती मावळात का रुजली हे समजून घ्यायला हवं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आषाढात कागदाचा पुडा घेऊन डोंगरातल्या वाडीपर्यंत चालत जायचं म्हणजे साखरेचं पाणी घरी पोचायचं. इरल्याखाली छातीशी धरून बायका मीठ नेत. स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीच्या स्टेन थुलिन यांच्या रचनेला १९६५ साली पेटंट मिळालं, ती कानाची हलकी पिशवी पुढे आमच्या बाजारात आली, तेव्हा पहिल्यांदा मीठ कोरडं पोचलं. ही सोय फार मोठी होती. मग कोरड्या चैत्रातही ती पिशवी हवीशी झाली. गिऱ्हाइकानं भांडं आणायचं हा करार मोडला आणि भांडं देणं आमच्या अंगावर आलं, तेही फुकट.

पुढची गोष्ट मायक्रॉनची, म्हणजे पिशवीच्या जाडीची. केंद्रानं १९९९ साली २० मायक्रॉनहून पातळ पिशवी बंद केली. २६ जुलै २००५ला मुंबई बुडाल्यावर राज्यानं ही मर्यादा ५० केली. २३ मार्च २०१८ला राज्यात पिशव्यांवरच बंदी आली. पहिला दंड पाच हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. केंद्राची मर्यादा मग २०२१मध्ये ७५ आणि २०२२च्या अखेरीस १२० झाली. बंदीच्या बाजूचा मी आहे, दुकानदार असूनही. पण इतकी वर्षं कायद्यानं मुख्यतः जाडी मोजली, आणि जाड पिशवीही इंद्रायणीबरोबर कुरवंड्यापासून निघून देहू-आळंदीकडेच वाहते. कापडी दिसणाऱ्या ज्या पिशव्या मिठाईवाले देतात, त्यांतल्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. गाई त्याही खातात. भातखाचराच्या मोरीत अडकल्या की बांध फुटतो, त्यांच्या जाडीनं काही फरक पडत नाही.

चिक्कीचं वेगळं आहे. गुळाला ओल धरते, म्हणून आत प्लॅस्टिक लागतं, आणि कारखान्यातच केलेल्या वेष्टनाला २०१८च्या बंदीतून सूट होती. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर वेफर्सच्या पाकिटांचा खच पडतो, तोही याच सवलतीच्या वाटेनं येतो.

जुनं सगळं परत आणता येणार नाही. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या तेलानं माणसं दगावली आणि खाद्यतेल सीलबंदच विकण्याचा आदेश निघाला. बाटली घेऊन येणाऱ्याला आता तेल देता येत नाही. साखर, डाळ, पोहे, तांदूळ, कांदे मात्र देता येतात. मुलानं दुकानात बचत गटाकडून जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून आणल्या आहेत. अनामत ठेवा, पिशवी न्या, परत आणली की पैसे परत. वाड्यांवरचं गिऱ्हाईक ती परत आणतं. शनिवार-रविवारचे गाडीवाले अनामत सोडून देतात, तरी पिशवी त्यांच्या घरी वापरात राहते असं मी धरून चालतो. पावसाळ्यासाठी आतून मेणकापड लावलेली पिशवी शिवून बघतोय. मिठाला ती पुरते, साखरेला अजून नाही.