स्कीची लांबी: उंचावलेल्या हातापासून हनुवटीपर्यंत

स्की निवडताना पहिला प्रश्न लांबीचा येतो. विसाव्या शतकात बराच काळ त्याचे उत्तर ठरलेले होते: हात डोक्यावर सरळ धरावा आणि स्कीचे टोक मनगटाला लागावे. आज डोंगरावरच्या सर्व प्रकारच्या बर्फासाठी बनवलेली ऑल-माउंटन स्की हनुवटी ते माथा एवढी असली तरी पुरते. लांबीवर सोपवलेली कामे या काळात एकेक करून दुसऱ्या गुणांकडे गेली.

स्कीचे मूळ काम पाय बर्फात रुतू न देणे हे होते. नॉर्वेतील डिगरवार्डेन डोंगराच्या बर्फात २०१४ मध्ये एक लाकडी स्की सापडली आणि २०२१ मध्ये तिची जोडीदार. सुमारे १३०० वर्षांपूर्वीच्या या जोडीतील एक स्की १७२ सेंटिमीटर लांब आणि साडेचौदा सेंटिमीटर रुंद आहे, दुसरी १८७ लांब आणि १७ रुंद. पाऊल अडकवण्यासाठी बर्चच्या फांद्यांना पीळ देऊन केलेले बंध दुसऱ्या स्कीवर अजून टिकून आहेत. स्कँडिनेव्हियात पुढे मुद्दाम विजोड जोड्याही वापरात होत्या: लांब स्कीवर घसरायचे आणि केसाळ कातडे लावलेल्या आखूड स्कीने मागे रेटा द्यायचा.

वेग हेच उद्दिष्ट झाले की लांबी वाढे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात सोन्याच्या खाणींतले कामगार बारा-बारा फुटी फळ्यांवरून सरळ उतारावर शर्यती लावत. तळाला राळ, व्हेलपासून मिळणारे मेण वगैरे शिजवून केलेला लेप लागे आणि त्याची कृती गुप्त ठेवली जाई. या शर्यतींत वळायचे नसल्याने एवढी लांबी अडचणीची ठरत नसे.

वळण्याचा विचार नॉर्वेच्या टेलेमार्क भागात रुजला. मॉर्गेदालच्या सोंद्रे नोरहाइमने टाचेमागूनही बंध घेतला, त्यामुळे स्की पावलाबरोबर वळू लागली. टेलेमार्कची स्की मध्यभागी, म्हणजे कंबरेत, टोकांपेक्षा किंचित अरुंद असे. ऑस्ट्रियातील लिलियनफेल्डच्या माथियास झ्डार्स्कीने १८९०च्या दशकात आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी आखूड स्की आणि पक्का बंध वापरला. तरीही लांब स्कीचा आग्रह टिकला, कारण लाकूड पिळले जाते. कडक बर्फात कड रोवली की टोके पिळून सुटत, म्हणून पकडीसाठी कडच लांब लागे.

हा दोष धातूने कमी केला. साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेटनरने १९२०च्या दशकात पोलादी कडांचे पेटंट घेतले. विमान कारखान्यात काम केलेल्या हॉवर्ड हेड या अमेरिकी अभियंत्याने १९५० मध्ये लाकडी गाभ्याला ॲल्युमिनियमचे पत्रे चिकटवलेली स्की विक्रीस आणली. ती इतकी सहज वळे की लोक तिला ‘चीटर’, म्हणजे लबाडी करणारी, म्हणत. १९६०च्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या ज्याँ व्हुआर्नेने धातूच्या स्कीवर डाउनहिल शर्यत जिंकली. पाठोपाठ फायबरग्लास आले. त्याच दशकात अमेरिकेत क्लिफ टेलरने नवशिक्यांना आधी अगदी आखूड स्की देऊन टप्प्याटप्प्याने लांबी वाढवण्याची शिक्षणपद्धत रूढ केली.

मोठा बदल १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीच्या एससीएक्स स्कीने घडवला. तिची कंबर टोकांच्या मानाने बरीच अरुंद होती. अशा स्कीची कड म्हणजे वर्तुळाचा कंस असतो. स्की कलती केली की ती वजनाखाली वाकते आणि बर्फात वळण कोरते. जवळजवळच्या खांबांमधून वळत उतरायच्या स्लॅलम शर्यतीचे खेळाडू दोन मीटरच्या स्की सोडून इतक्या खाली आले की आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला किमान लांबी ठरवावी लागली: पुरुषांसाठी १६५, स्त्रियांसाठी १५५ सेंटिमीटर. भुसभुशीत बर्फावर तरंगण्याचे काम रुंदीकडे गेले. ॲटॉमिकची रुंद पावडर प्लस १९८०च्या दशकाअखेरीस आली होती. २००२ मध्ये स्कीपटू शेन मॅकॉन्कीच्या कल्पनेतून व्होलंट कंपनीची स्पॅट्युला आली. तिची टोके आधीपासूनच वर उचललेली होती, आणि या घडणीला पुढे रॉकर म्हणू लागले.

ऑल-माउंटन स्कीत या सगळ्यांची तडजोड असते. कंबर साधारण ८० ते १०० मिलिमीटर: सपाट केलेल्या कडक उतारावर जास्त वेळ जाणार असेल तर अरुंद, ताज्या बर्फासाठी रुंद. वळणाची त्रिज्या साधारण १५ ते २० मीटर. छोटी वळणे आवडणाऱ्याला कमी, वेगाने लांब वळणे घेणाऱ्याला जास्त. स्कीला वाकवते ते वजन, त्यामुळे एकाच उंचीच्या दोघांपैकी जड माणसाला लांब किंवा ताठ स्की लागते. नवशिक्याने हनुवटीजवळची निवडावी, वेगवान आणि कसलेल्याने माथ्याजवळची किंवा थोडी वरची. रॉकर असेल तर कडेचा कमी भाग बर्फाला टेकतो, म्हणून काही सेंटिमीटर अधिक घेतले तरी चालते.