वजन बेताचं, दारूही नाही. तरी फॅटी लिव्हर कसं होतं?

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात एखादा जण पोटदुखीसाठी सोनोग्राफी करतो आणि रिपोर्टमध्ये ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ दिसतं. ‘मी तर पीत नाही, जाडही नाही,’ ही त्याची पहिली प्रतिक्रिया. पण या आजाराला एवढं पुरेसं नसतं.

फॅटी लिव्हर म्हणजे काय?

यकृताच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारू हे त्याचं एक कारण. मधुमेह, पोटाचा घेर, वाढलेली ट्रायग्लिसराईड्स आणि बैठं काम ही इतर मोठी कारणं. साखर, मैदा, कोल्ड्रिंकमधून आलेली जादा ऊर्जा यकृत चरबीत बदलतं.

बारीक माणसालाही का?

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. म्हणजे भारतीय माणसाचा वजनकाटा फसवू शकतो. म्हणून कंबर मोजा. पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटरच्या वर घेर गेला, तर सावध व्हा.

दुर्लक्ष केलं तर?

सुरुवातीला बहुधा काहीच त्रास होत नाही. काहींमध्ये पुढे यकृताला सूज येते, व्रण पडतात आणि सिरॉसिस होतो. सोनोग्राफीतली ‘ग्रेड’ फक्त चरबी सांगते, व्रण नाही. त्यासाठी डॉक्टर रक्ताच्या तपासण्या किंवा फायब्रोस्कॅन सुचवतात. हा धोका ओळखून केंद्र सरकारने २०२१ मध्ये या आजाराचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

टाळायचं कसं?

- वजन ५ टक्के घटलं तरी यकृतातली चरबी कमी होते. ८० किलोच्या माणसासाठी हे ४ किलो. ७ ते १० टक्के घटलं तर सूजही उतरते. मात्र उपाशी राहून झटपट वजन उतरवू नका.
- आठवड्यातून किमान १५० मिनिटं भरभर चाला.
- चहातली साखर, कोल्ड्रिंक, बेकरीचे पदार्थ कमी करा. ताटात डाळ, उसळ, भाजी वाढवा.
- दारू बंद ठेवा. साखर आणि कोलेस्टेरॉल तपासत राहा.
- ‘लिव्हर साफ करणारे’ काढे डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

सुरुवातीच्या टप्प्यातलं फॅटी लिव्हर बरं होऊ शकतं. म्हणून रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून विसरू नका, डॉक्टरांना दाखवा.