कुलूप भक्कम, पण किल्ली कुठंय?

मंडळी, लॉगिनचा पासवर्ड म्हणजे दाराची नुसती कडी. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फोटो, पगाराच्या स्लिपा, सगळं उघडं! उपाय एकच, अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायची. २००७ मध्ये व्हिस्टाबरोबर बिटलॉकर आलं. फुकटातल्या ट्रूक्रिप्टने फेब्रुवारी २००८ मध्ये विंडोजचा मुख्य ड्राइव्हही कुलूपबंद करायची सोय दिली.

गंमत बघा, त्याच महिन्यात प्रिन्स्टनच्या संशोधकांनी ही दोन्ही कुलपं उघडून दाखवली. तीही त्यातलं गणित न फोडता! मशीन चालू असताना किल्ली रॅममध्ये असते, आणि वीज गेली तरी रॅम ती लगेच विसरत नाही. कीबोर्ड साफ करायचा हवेचा स्प्रे उलटा धरून त्यांनी चिप उणे ५० अंशांपर्यंत गार केली. १० मिनिटांनंतरही १ टक्क्याहून कमी बिट्स पुसले गेले होते!

ट्रूक्रिप्ट २०१४ मध्ये बंद पडलं, त्याचा वारसा व्हेराक्रिप्टने चालवला. असो. झाकण मिटलं की बहुतेक लॅपटॉप नुसते झोपतात, किल्ली रॅममध्येच राहते. तेव्हा लॅपटॉप सॅकमध्ये टाकण्याआधी सरळ शटडाउन करा. मिनिटभर जाईल, जाऊ दे.