उरलेल्या सावरडो स्टार्टरचा 'डच बेबी': ओव्हनमधला हा पॅनकेक एवढा फुगतो कशामुळे?

रील्स बघताना हा व्हिडिओ कधी ना कधी तुमच्यासमोर आला असेल. गरम तव्यात पातळ पीठ ओततात, तवा ओव्हनमध्ये जातो आणि काचेच्या दारामागे त्या पिठाच्या कडा तव्याच्या वर चढायला लागतात. पंधरा-वीस मिनिटांत तव्याच्या जागी सोनेरी, कुरकुरीत वाटी तयार. खाली कॅप्शन असतं, 'सावरडो डिस्कार्ड वाया घालवू नका.'

हे बघून अनेकांना वाटतं की, पॅनकेक फुगला तो स्टार्टरमधल्या यीस्टमुळे. प्रत्यक्षात यीस्टचा त्यात जवळजवळ काहीच हात नसतो. म्हणूनच फ्रिजमध्ये आठवडाभर पडलेलं, बुडबुडे संपलेलं डिस्कार्डसुद्धा या पदार्थाला चालतं. हे कसं होतं, घरच्या ओव्हनमध्ये हा पॅनकेक कसा करायचा आणि कोणतं डिस्कार्ड मुळीच खायचं नाही, ते समजून घेऊया.

डिस्कार्ड म्हणजे नेमकं काय?

सावरडो स्टार्टर म्हणजे पीठ आणि पाणी कालवून आंबवलेलं मिश्रण. पिठातले आणि आसपासचे यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्यात वाढतात. दह्यासाठी आपण थोडं विरजण मागे ठेवतो, तसंच स्टार्टरचं. थोडा भाग राखायचा, त्यात नवीन पीठ-पाणी घालायचं आणि तो पुन्हा वाढू द्यायचा.

अडचण इथेच येते. समजा तुमच्याकडे ५० ग्रॅम स्टार्टर आहे आणि रोज तुम्ही स्टार्टरच्या वजनाइतकं पीठ आणि तितकंच पाणी घालता. काहीच काढून टाकलं नाही, तर पहिल्या दिवशी १५० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी ४५० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी १ किलो ३५० ग्रॅम आणि चौथ्या दिवशी ४ किलोंच्या वर मिश्रण होईल! म्हणून रोज थोडाच भाग ठेवतात आणि बाकीचा बाजूला काढतात. हा बाजूला काढलेला भाग म्हणजे डिस्कार्ड.

५० ग्रॅम स्टार्टर राखला, तर रोज १०० ग्रॅम डिस्कार्ड निघतं. त्यात निम्मं पीठ असतं. म्हणजे आठवड्याला ३५० ग्रॅम आणि महिन्याला साधारण दीड किलो पीठ कचऱ्यात जातं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगभर घरोघरी सावरडोचं वेड पसरलं, तेव्हा डिस्कार्डच्या रेसिपींचा पूर आला तो याच कारणाने.

'डच बेबी' हे नाव कुठून आलं?

नावात डच असलं तरी हा पदार्थ अमेरिकेतला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिएटल शहरातल्या 'मांकाज कॅफे' या हॉटेलात तो प्रसिद्ध झाला. त्याचं मूळ जर्मन पॅनकेकमध्ये आहे. जर्मन भाषेत 'जर्मन' या अर्थी 'डॉइच' हा शब्द आहे. त्याचा अपभ्रंश होऊन 'डच' झालं, असं सांगितलं जातं. १९६६ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये क्रेग क्लेबोर्न यांनी 'डेव्हिड आयर्स पॅनकेक' या नावाने अशीच एक रेसिपी छापली आणि ती अमेरिकेत घरोघरी पोहोचली.

इंग्लंडमधलं यॉर्कशायर पुडिंग हा याचाच भाऊबंद. अंडी, दूध आणि पीठ यांचं पातळ मिश्रण खूप गरम भांड्यात ओतायचं, हे दोन्हींचं तंत्र एकच. मूळ डच बेबीत सावरडो नसतो. डिस्कार्ड ही नंतरची भर.

मग फुगतो कशामुळे?

उत्तर आहे वाफ. पाण्याची वाफ झाली की, तिला पाण्याच्या १,६०० पटींहून जास्त जागा लागते. मिश्रण पातळ असतं, त्यात पाणी भरपूर असतं आणि तवा आधीच तापलेला असतो. त्यामुळे पीठ ओतल्याबरोबर तळाशी आणि कडांना वाफ तयार होते.

ही वाफ धरून ठेवायला काहीतरी लवचीक लागतं. ते काम अंड्यातली प्रथिनं आणि पिठातलं ग्लूटेन करतात. वाफेच्या दाबाने मिश्रण वर चढतं आणि त्याच वेळी उष्णतेने अंडं घट्ट होत जातं. गरम भांड्याला टेकलेल्या कडा आधी शिजतात, म्हणून त्या उंच होतात. मधला भाग मऊ, कस्टर्डसारखा राहतो.

यीस्टला गॅस तयार करायला वेळ लागतो. इथे ओव्हन २२० अंशांवर असतो आणि साधारण ६० अंशांच्या आसपास यीस्ट मरून जातं. म्हणजे कामाला लागण्याआधीच त्याची सुट्टी होते.

डिस्कार्डचा उपयोग काय मग?

दोन गोष्टींसाठी. पहिली, चव. लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्लामुळे एरवी सपक वाटणाऱ्या पॅनकेकला हलका आंबूसपणा येतो. दुसरी, वेळ. साध्या डच बेबीचं पीठ पाणी शोषून घेईपर्यंत वीस-तीस मिनिटं ठेवलेलं बरं असतं. डिस्कार्डमधलं पीठ आधीच भिजलेलं असतं, त्यामुळे मिश्रण लगेच ओव्हनमध्ये घालता येतं.

प्रमाण किती घ्यायचं?

२० ते २३ सेंटीमीटरच्या तव्यासाठी, म्हणजे दोन-तीन जणांपुरतं प्रमाण असं:

- डिस्कार्ड: १२० ग्रॅम
- अंडी: ३
- दूध: ६० मिली
- साखर: १ चमचा
- मीठ: चिमूटभर
- लोणी किंवा तूप: ३० ग्रॅम

यामागचं गणित लक्षात ठेवलं, तर कोणतीही साधी रेसिपी डिस्कार्डमध्ये बदलता येते. साध्या डच बेबीला ३ अंड्यांमागे साधारण ६० ग्रॅम मैदा आणि १२० मिली दूध लागतं. समान वजनाच्या पीठ-पाण्याने बनलेल्या १२० ग्रॅम डिस्कार्डमध्ये ६० ग्रॅम पीठ आणि ६० ग्रॅम पाणी आधीच असतं. म्हणून मैदा पूर्ण वगळायचा आणि दूध निम्मं करायचं. तुमचा स्टार्टर घट्ट असेल, तर दूध थोडं वाढवा. तयार मिश्रण घावनाच्या पिठाइतकं पातळ हवं.

कृती

१. अंडी आणि दूध थोडा वेळ आधी फ्रिजबाहेर काढा. मिश्रण फार गार असेल तर तवा थंड पडतो.

२. बिडाचा तवा किंवा पसरट कढई ओव्हनमध्ये ठेवून ओव्हन २२० अंशांवर किमान १५ मिनिटं तापवा. भांड्याला प्लास्टिकची किंवा लाकडी मूठ नको. काचेचं भांडं या पद्धतीने वापरू नका, तापलेल्या काचेत गार मिश्रण पडलं तर ती तडकू शकते.

३. तोवर डिस्कार्ड, अंडी, दूध, साखर आणि मीठ मिक्सरमधून अर्धा मिनिट फिरवा. गुठळ्या राहू देऊ नका.

४. जाड हातमोजे घालून तवा बाहेर काढा. लोणी घालून कडांपर्यंत फिरवा. लोणी पटकन करपतं, त्यामुळे ते शेवटीच घाला. तूप वापरलं तर ही काळजी कमी.

५. लगेच मिश्रण ओता आणि तवा आत ठेवा. १५ ते १८ मिनिटं भाजा. कडा गडद सोनेरी झाल्या आणि मधला भाग कोरडा दिसला की झालं.

पहिली १५ मिनिटं दार उघडू नका. ओटीजी वापरत असाल, तर तवा खालच्या खाचेत ठेवा, कारण पॅनकेक फुगून वरच्या रॉडला टेकू शकतो. मायक्रोवेव्हला कन्व्हेक्शन मोड असेल, तर त्याच्या कमाल तापमानावर करून बघता येईल, फक्त धातूचं भांडं त्या मोडमध्ये चालतं का, हे माहितीपुस्तिकेत तपासा. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये हा पदार्थ होत नाही.

बाहेर काढल्यावर बसला, म्हणजे बिघडला का?

नाही. बाहेर येताच आतली वाफ थंड होते आणि मिनिटभरात पॅनकेक खाली बसतो. तो तसाच बसायचा असतो. व्हिडिओत उंच दिसतो, कारण शूटिंग ओव्हनमधून काढल्याबरोबर केलेलं असतं.

मुळात फुगलाच नाही, तर बहुतेक वेळा तवा पुरेसा तापलेला नसतो, मिश्रण घट्ट असतं किंवा दार मध्येच उघडलेलं असतं. स्टार्टर कणकेचा असेल, तरी फुगणं कमी होतं, कारण कोंड्यामुळे ग्लूटेनचं जाळं तुटतं. चवीत मात्र फरक चांगलाच पडतो.

वरून पिठीसाखर आणि लिंबाचा रस ही मूळ पद्धत. तिखट आवडत असेल, तर साखर वगळून मिरपूड, चीज आणि कोथिंबीर घालता येते.

अंडं न घालता होईल का?

डच बेबी होणार नाही. वाफ धरून ठेवणारा मुख्य घटकच अंडं आहे. अंडं खात नसाल, तर डिस्कार्डमध्ये पाणी, मीठ, कांदा आणि मिरची घालून तव्यावर धिरडी करा. तेही डिस्कार्ड वाया न घालवणंच झालं.

कोणतं डिस्कार्ड खायचं नाही?

रील्समध्ये हा भाग बहुतेक वेळा गायब असतो.

- नवीन स्टार्टरचं पहिल्या एक-दोन आठवड्यांतलं डिस्कार्ड. तेव्हा आम्ल पुरेसं तयार झालेलं नसतं आणि नको ते जिवाणूही वाढत असतात. सुरुवातीला स्टार्टर उसळून येतो तोही अनेकदा त्यांच्यामुळेच. ते फेकून द्या.
- गुलाबी किंवा नारिंगी रेघ, केसाळ बुरशी किंवा कुजका वास असलेला स्टार्टर. वरचा थर काढून वापरू नका, पूर्ण बरणी रिकामी करा.
- उन्हाळ्यात दिवसभर ओट्यावर राहिलेलं डिस्कार्ड. काढलं की लगेच झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा आणि साधारण आठवड्याभरात संपवा.

वर जमलेलं राखाडी पाणी मात्र घाबरण्यासारखं नाही. स्टार्टर भुकेला असल्याची ती खूण. ते ओतून टाका किंवा ढवळून घ्या.

आणखी दोन गोष्टी. कच्चं मिश्रण चाटून बघू नका, कारण कच्च्या अंड्यात आणि कच्च्या पिठातही आजार पसरवणारे जिवाणू असू शकतात. शिवाय सावरडो आंबवलेला असला, तरी त्यात ग्लूटेन असतंच. सीलिएक आजार असलेल्यांसाठी हा पॅनकेक सुरक्षित नाही.

डिस्कार्ड मुळातच कमी कसं करायचं?

५० ऐवजी १० ग्रॅमच स्टार्टर राखा. मग रोज २० ग्रॅम डिस्कार्ड निघेल आणि सहा दिवसांत बरोबर १२० ग्रॅम जमेल, म्हणजे एका डच बेबीपुरतं. रोज ब्रेड करत नसाल, तर स्टार्टर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदाच पीठ-पाणी द्या. ब्रेड करायच्या आदल्या दिवशी बाहेर काढून हवा तेवढा वाढवता येतो.