निष्ठेचा भाव

दुकानदाराने गिऱ्हाइकाकडे निष्ठा मागावी, हा प्रकार मुळातच चमत्कारिक आहे. निष्ठा राजाशी असावी, गुरूशी असावी, फार तर ज्या खात्याचे मीठ खातो त्या खात्याशी असावी. पीठ, साखर आणि साबण विकणाऱ्या पेढीशी ती कशासाठी? तथापि इंग्लंडातील मोठमोठ्या सुपरमार्केटांत आज हा व्यवहार सर्रास चालू आहे. फळीवर एकाच वस्तूच्या दोन किमती लिहिलेल्या असतात. एक ‘लॉयल्टी कार्ड’ बाळगणाऱ्यासाठी. दुसरी, अधिक मोठी, बिनकार्डी माणसासाठी. त्यावरून तेथील गिऱ्हाईकवर्गात जी धुसफूस चालली आहे, तिचे मूळ शोधू लागले म्हणजे सुमारे १८० वर्षे मागे जावे लागते.

२१ डिसेंबर १८४४ रोजी लँकेशायरमधील रॉचडेल गावी, टोड लेन नावाच्या गल्लीत, विणकर व इतर कारागीर यांनी मिळून एक लहानसे दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि थोड्या मेणबत्त्या एवढाच माल. त्या काळी गिरणगावांतील वाणी पिठात भेसळ करीत, वजनात मारीत आणि उधारीच्या जोरावर गिऱ्हाइकाला बांधून ठेवीत. रॉचडेलकरांनी शुद्ध माल, पुरते वजन आणि रोख व्यवहार हे नियम केले. नफा वाटण्याची त्यांची रीत मात्र खरोखर दूरदर्शी होती. भांडवलावर ठरावीक व्याज देऊन जो नफा उरे, तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना परत मिळे. या लाभांशाला लोक लाडाने ‘डिव्ही’ म्हणू लागले. प्रत्येक कुटुंबाचा सभासद क्रमांक असे. तो खरेदीच्या वेळी सांगावा लागे, आणि आईने पाठ करून घेतलेला तो आकडा म्हातारपणीही आठवतो असे सांगणारी माणसे इंग्लंडात पुष्कळ भेटत. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे कोणी कोणाला बक्षीस देत नव्हते. दुकान सभासदांचे, मत प्रत्येकाला एक, आणि परत येणारा पैसाही त्यांचाच. नायगावात १९४८ साली सुरू झालेला ‘अपना बाजार’ किंवा केंद्र सरकारी नोकरांसाठी १९६३ साली निघालेले ‘केंद्रीय भांडार’ ही याच घराण्यातील मंडळी होत.

पुढे खाजगी दुकानदारांनी या कल्पनेतला गोडवा उचलला आणि मालकी वगळली. अमेरिकेत १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन यांनी हिरव्या तिकिटांचा धंदा काढला. दुकानदाराने ती तिकिटे विकत घ्यावीत, खरेदीबरोबर गिऱ्हाइकाला द्यावीत, गिऱ्हाइकाने ती वहीत चिकटवावीत आणि भरलेल्या वह्या देऊन एखादी किटली किंवा दिवा घरी आणावा. इंग्लंडात १९५८ साली रिचर्ड टॉम्पकिन्स यांनी ‘ग्रीन शील्ड’ तिकिटे आणली. १९६३ साली टेस्कोने ती स्वीकारली आणि जिभेने डिंक ओला करणे हा घराघरांतला संध्याकाळचा उद्योग होऊन बसला. किटलीची किंमत अखेर मालाच्या किमतीतूनच निघणार, हे उघड होते. लॉर्ड सेन्सबरी यांनी या पद्धतीविरुद्ध मोहीम चालवली. अर्थात ते स्वतःही किराणा पेढीचेच धनी होते, हे विसरून चालणार नाही. १९६४ साली पार्लमेंटने कायदा करून प्रत्येक तिकिटावर त्याची रोख किंमत छापणे बंधनकारक केले. गंमत अशी की, साठीच्या दशकाच्या अखेरीस सहकारी भांडारेही आपला जुना लाभांश तिकिटांच्या रूपाने देऊ लागली! वारसदारानेच नकलेची नक्कल करावी, याहून मोठा पराभव कोणता? १९७७ साली टेस्कोने तिकिटे टाकून दिली व भाव उतरवले, तेव्हा गिऱ्हाईक झुंडीने आले. त्यांना किटली नको होती, स्वस्ताई हवी होती.

एवढे कळल्यावर पुन्हा तोच खेळ कशासाठी मांडला? कारण दरम्यान गणकयंत्र आले होते. फेब्रुवारी १९९५ मध्ये टेस्कोने ‘क्लबकार्ड’ काढले, तेव्हा सेन्सबरीच्या प्रमुखांनी ही तर विजेवर चालणारी ग्रीन शील्ड तिकिटे, असे म्हणून नाक मुरडले. पण पुढल्याच वर्षी त्यांनाही स्वतःचे कार्ड काढावे लागले. त्यांचा अंदाज चुकला तो नेमका कोठे, हे आम्हा कारकुनी पेशाच्या माणसांना चटकन समजावे. तिकीट मुके होते. ते कोणी चिकटवले याची नोंद कोठेही नव्हती. कार्ड मात्र नोंदवही होते. क्लाइव्ह हम्बी आणि एडविना डन या दांपत्याच्या संस्थेने त्या नोंदी वाचून दाखवल्या, तेव्हा, मला गिऱ्हाइकांविषयी तीस वर्षांत जे कळले नाही ते यांना तीन महिन्यांत कळले, अशा अर्थाचे भयचकित उद्गार टेस्कोचे अध्यक्ष मॅक्लॉरिन यांनी काढल्याचे सांगतात. कोणाच्या घरी तान्हे मूल आहे, कोण मद्य घेतो, कोणाचा हात आखडला आहे, हे सारे सरकारने विचारले असते तर गदारोळ उडाला असता. येथे लोकांनी ते काही पेन्सांच्या मोबदल्यात आपण होऊन दिले.

तरीही १९९५ चे कार्ड न घेणाऱ्याचे फारसे बिघडत नव्हते. त्याला गुण मिळत नसत, एवढेच. २०१९ साली टेस्कोने कार्डधारकांसाठी वेगळे भाव लावले, २०२३ साली सेन्सबरीने तोच मार्ग धरला, आणि येथे पारडे फिरले. आता कार्ड नसणे म्हणजे बक्षिसाला मुकणे राहिले नाही, तो दंड झाला. लोकांची तक्रार याच जागी आहे. तेथील स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ५०,००० वस्तूंचे भाव तपासून निर्णय दिला की, ९२ टक्के वस्तूंवरील सवलत खरी आहे आणि सरासरी बचत १७ ते २५ टक्के होते. तरीही ५५ टक्के लोकांना वाटत होते की, सवलत मोठी दिसावी म्हणून नेहमीचा भावच फुगवला जातो. आकड्यांनी लोकांचा संशय खोटा ठरवला, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या वृद्धेजवळ स्मार्टफोन नाही किंवा जे मूल कार्ड मिळण्याच्या वयाचे नाही, त्यांनी त्याच पावासाठी जास्त पैसे का मोजावेत, याचे उत्तर त्या ९२ टक्क्यांत नाही. प्राधिकरणालाही ते जाणवले असावे, कारण अशा लोकांची सोय पाहा, असे त्याने पेढ्यांना सुचवले.

आपल्याकडे हे लोण कार्डापेक्षा मोबाइल क्रमांकाच्या रूपाने आले आहे. बदलीच्या गावी भाषा धड येत नाही, तोच बिलावर बसलेला मुलगा पैशांआधी क्रमांक विचारतो, आणि रांग मागे खोळंबलेली असल्याने आम्ही तो निमूटपणे सांगतो. क्रमांकावाचून विक्री अडवू नका, असे ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवले होते. सरकारी परिपत्रकाचे आयुष्य किती, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही काय सांगावे?

इंग्लंडातील गिऱ्हाइकांनी मात्र एक तोड काढली आहे. पुढच्या माणसाजवळ कार्ड नसले की, मागचा कोणी अनोळखी गृहस्थ आपले कार्ड पुढे करतो. म्हाताऱ्याला पाव स्वस्त मिळतो, गृहस्थाला गुण मिळतात, आणि पेढीच्या त्या सर्वज्ञ वहीत नोंद होते ती न घेतलेल्या पावाची, न घेणाऱ्याच्या नावे.