खानोलकर, वसंत रामजी : अन्नमार्गाच्या कर्करोगावरील संशोधन

भारतीय विकृतिशास्त्रज्ञ. जन्म १३ एप्रिल १८९५. मृत्यू २९ ऑक्टोबर १९७८. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध भारतात ज्यांनी आरंभी पद्धतशीर तपासला, त्यांत खानोलकर अग्रभागी होते. परळला त्यांनी उभी केलेली संशोधनसंस्था आज नवी मुंबईत, खारघरला आहे.

गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. मिळवली आणि मुंबईत अध्यापन केले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळा व संशोधन विभाग त्यांच्याकडे आला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची घडी त्यांनीच बसवली. कुष्ठरोग व रक्तगट यांवरही त्यांनी काम केले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पद्मभूषणही त्यांना मिळाले.

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात लोकांच्या रीतिरिवाजांशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार मांडले. धोतराची गाठ कमरेला जिथे वर्षानुवर्षे घासते तिथे होणारा त्वचेचा कर्करोग हा त्यांपैकी एक. सूक्ष्मदर्शकाखालची पेशी पाहून न थांबता माणूस नेसतो काय, ओढतो काय, तंबाखूची गोळी तोंडात नेमकी कुठे धरतो, हे विचारायचे, ही त्यांची पद्धत. त्यांच्या कामाचे खरे मोल या चौकशीतच आहे.

अन्ननलिका या चौकशीत आली ती १९५५ मध्ये. एल. डी. संघवी व के. सी. एम. राव यांच्यासह खानोलकरांनी अन्नमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग आणि तंबाखू ओढणे-चघळणे यांवरचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. ब्रिटनमधील संशोधक डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये याच नियतकालिकात दाखवला होता. पण तो मुख्यतः सिगारेटचा मामला होता. मुंबईत पान, चुना-तंबाखू, विडी असे सगळेच चालत होते, आणि एकाच माणसाला यांतल्या दोन-तीन सवयी असत. या आणि नंतरच्या अभ्यासांतून चित्र स्पष्ट होत गेले : गालाच्या आतल्या कर्करोगात चघळण्याचा वाटा मोठा, जिभेच्या मुळाशी व घशात विडीचा, तर अन्ननलिकेपर्यंत दोन्हींची झळ पोचते. तंबाखूयुक्त पानामुळे अन्ननलिकेचा कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला तो २००४ मध्ये.

अन्ननलिकेचे अस्तर तोंडासारखेच चपट्या पेशींच्या अनेक थरांचे असते आणि भारतात आढळणारा तिचा कर्करोग बहुधा याच पेशींचा असतो. पाश्चात्त्य देशांत आम्ल वर येणे आणि स्थूलता यांच्याशी निगडित असलेला, नलिकेच्या खालच्या टोकाचा ग्रंथिपेशींचा प्रकार वाढला आहे. गाठ वाढेपर्यंत रोग बोलत नाही. आधी भाकरीचा घास अडकतो, मग मऊ भातही. पेजेवर आलेला रुग्ण डॉक्टरांकडे पोचतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

खानोलकरांच्या संस्थेचा कारभार १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेला आणि १९६६ मध्ये ती रुग्णालयासह टाटा मेमोरियल सेंटरमध्ये सामील झाली. तिथे सुमती भिडे व सहकाऱ्यांनी मशेरी, म्हणजे महाराष्ट्रात बायका दात घासायला वापरतात ती भाजलेली तंबाखू, प्रयोगशाळेत तपासली. मशेरी मिसळलेले खाद्य दिलेल्या प्राण्यांच्या जठराच्या पुढच्या कप्प्यात गाठी आढळल्या. माणसाला हा कप्पा नसतो. पण त्याचे अस्तर माणसाच्या अन्ननलिकेसारखेच चपट्या पेशींचे असल्यामुळे हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही.

२००२ मध्ये संस्था खारघरला हलली आणि प्रगत कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण केंद्र, म्हणजेच ‘अ‍ॅक्ट्रेक’, या नावाने ओळखली जाऊ लागली. तेथील एका इमारतीचे नाव ‘खानोलकर शोधिका’, दुसरीचे ‘पेमास्टर शोधिका’. शल्यचिकित्सक जे. सी. पेमास्टर यांनी संघवी व पी. गंगाधरन यांच्यासह १९६८ मध्ये पश्चिम भारतातील पचनमार्गाच्या कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यामुळे ही दोन नावे शेजारी असणे उचितच आहे.

अन्नमार्गातच पुढे येणाऱ्या जठराचे कोडे वेगळे. जठराच्या कर्करोगाशी निगडित असलेल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग भारतात सर्रास आढळतो, तरी हा कर्करोग बहुतेक भागांत त्या मानाने कमी. टाटा मेमोरियलमधील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईतील अभ्यासात सुकी मासळी खाणाऱ्यांत धोका अधिक आणि चहा पिणाऱ्यांत कमी दिसला. एका रुग्णालयातल्या पाहणीवरून कोकणातल्या स्वयंपाकघराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मात्र घाईचे होईल. देशात या रोगाचे प्रमाण मिझोरममध्ये फार आहे. तिथल्या अभ्यासांत ‘तुइबुर’ या सवयीचीही चौकशी झाली : तंबाखूचा धूर पाण्यात मुरवायचा आणि ते पाणी तोंडात धरून ठेवायचे.